कृपा एकाच गालावर

बंद पडलेल्या थिएटरात त्या रविवारी दीडशे टकली रांगा धरून बसली होती आणि कुणी साधं खोकतसुद्धा नव्हतं. स्टेजवर केशबाबा. पाठीवर रुळणारे काळेभोर केस, हातात वाटी, वाटीत तेल. एकेक जण पुढे येऊन मान वाकवायचा आणि बाबा त्याच्या टाळूवर बोट फिरवायचे.

"पहिल्या महिन्यात गळतील. गळू द्या! केस नव्हेत ते, पाप गळतंय. चौथ्या महिन्यात उगवतील, ती कृपा. आणि तेल सोडलंत..." इथे बाबा नेहमी थांबत. "तर त्या ड्रायव्हरला विचारा."

सगळ्या माना मागे वळल्या. शेवटच्या रांगेत बस चालवणारा ड्रायव्हर अंग चोरून बसला होता. वर्षभर तेल लावून डोकं भरलं, तसं 'झालं आपलं काम' म्हणून गड्याने तेल सोडलं. चार महिन्यांत पुन्हा गुळगुळीत! आता नाक घासत परत आला होता.

भिंतीला टेकून सलूनवाला सगळं बघत होता. तीस वर्षं त्याने गावातली डोकी हाताळलेली. कुणाचा भोवरा कुठे, हे तो डोळे मिटून सांगायचा. बाबांशी त्याला काडीचं देणंघेणं नव्हतं. तो आला होता नातीसाठी.

त्याचा जावई वर्षाच्या चिमीला खांद्यावर घेऊन स्टेजवर चढला. मागे सलूनवाल्याची लेक, रडून डोळे सुजलेली. चिमीच्या गालावर आणि कपाळावर केस उगवले होते. लव नव्हे, चांगले काळे केस.

बाबांनी पोरीला वर उचललं. "हे लेकरू तुमचं नाही, माझ्या कृपेचं आहे. पुढच्या रविवारी इथे आणून सोडा. घरी ठेवून घेतलंत, किंवा बापाने तेल सोडलं, तर शाप डोक्यावर थांबणार नाही. हिच्या जिवावर बसेल."

लोकांनी हात जोडले. जावयानेही जोडले.

मंगळवारी जावई सलूनमध्ये आला, तो केस कापायला नाही. घरात लेकीची रडारड चाललेली, ती ऐकवेना म्हणून आला होता. चिमी खांद्यावर. सलूनवाल्याला दोघंही आरशात दिसत होती. पोरीला पेंग आली आणि तिने बापाच्या तेलकट टाळूवर गाल टेकवला. उजवा गाल.

"जावईबापू, रोज अशीच झोपते?"

"हो. दुकानातून आलो की तासभर खांद्यावर. त्याशिवाय डोळा लागत नाही तिचा."

सलूनवाल्याने तिच्या गालावरून बोट फिरवलं. बोट तेलकट झालं. उजव्या गालावर दाट केस, डाव्यावर नुसती लव.

"आता मला सांगा, डाव्या गालाने काय घोडं मारलंय? कृपा एकाच गालावर कशी झाली?"

"अण्णा, असं बोलू नका हो. हिला काही झालं म्हणजे?"

"अहो, झालंय की! ते डोक्याला काय फासता, ते आधी बघा!"

जावई बाटली द्यायला तयार होईना. शेवटी लेकीनेच ती पदराखालून आणून दिली, आणि चौघं त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी चिमीच्या छातीला बराच वेळ नळी लावली. चेहरा उतरला त्यांचा. बाटलीतलं थोडं तेल काढून तपासायला धाडलं. शनिवारी निकाल आला.

"यात टकलावरचं औषध मिसळलंय. मेडिकलमध्ये मिळतं तेच, पण तिप्पट कडक. मूळचं ते रक्तदाबाचं औषध. मोठ्या माणसाने विचारून, मापात लावलं तर ठीक. लेकराच्या कातडीतून आत गेलं की असे केस येतात, आणि छातीचे ठोके वाढतात. हिचे वाढलेत."

"पण ड्रायव्हरला शाप लागला तो?" जावयाने विचारलं.

"शाप कसला? हे औषध टक्कल मुळातून बरं करत नाही, लावाल तोवर केस धरून ठेवतं. वर्षभरात यायचं तेवढं येतं. पुढे लावत राहिलात तरी काहींचं हळूहळू विरळ होतं. आणि सोडलंत की चार-सहा महिन्यांत डोकं मूळपदावर. हे बघा, मेडिकलमधल्या बाटलीबरोबर हा कागद येतो, त्यावर छापलंय सगळं."

सलूनवाल्याने तो कागद मागून घेतला.

"तेल आजपासून बंद," बाई म्हणाल्या. "तुमचे केस जातील. हिच्या गालावरचेही जातील आणि पोर बरी होईल. बाबा म्हणतो, ती जिवाला मुकेल. कोण खोटं, ते चार महिन्यांत कळेल."

जावई रात्रभर पोरीजवळ बसून राहिला. तेल मात्र लावलं नाही.

रविवारी चिमीला घेतलेल्या जावयाला खाली रांगेत बसवून सलूनवाला स्टेजवर चढला आणि कागद मोठ्याने वाचू लागला. "'सुरुवातीला केस जास्त गळू शकतात.' हे झालं पाप! 'परिणाम दिसायला चार महिने लागतात.' ही कृपा! 'वापर थांबवल्यास केस पुन्हा गळतात.' आणि हा शाप! बाबांची सगळी भविष्यवाणी औषधाच्या कागदावर छापलेली आहे, मंडळी!"

दोघं-तिघं हसले. बाबा हसले नाहीत. शांतपणे म्हणाले, "लेकरू जाईल."

हसू जागच्या जागी थिजलं. जावई चिमीला छातीशी धरून बाहेर निघाला, तेव्हा लोक साथीच्या रोग्याला बघून सरकावेत तसे बाजूला झाले.

मग गावाने वाट बघितली. तिसऱ्या महिन्यात जावयाच्या उशीवर केसांचे पुंजके पडू लागले. "लागला शाप," लोक म्हणाले. येताजाता खिडकीतून डोकावत, पोर जिवंत आहे ना ते बघत. चिमी जरा शिंकली तरी लेक दचकून उठायची. जावयाचा हात दोनदा बाटलीकडे गेला, दोनदा मागे आला.

पाचव्या महिन्यात तो सलूनमध्ये आला. चिमी खांद्यावर, दोन्ही गाल स्वच्छ.

"ठोके ठीक आहेत म्हणाल्या बाई. अण्णा, माझे उरलेलेही काढून टाका."

दारात ड्रायव्हर घुटमळत होता. "लेकरू... बरंय?"

"हात लावून बघ की लेका!"

ड्रायव्हरने भीतभीत तिच्या गालाला बोट लावलं. चिमीने ते धरून तोंडात घातलं. बिचारा रडायलाच लागला. मग त्याने खिशातली बाटली काढून आरशासमोर ठेवली.

बाईंच्या तक्रारीवरून शेवटी एकदाचे पोलीस थिएटरात पोचले, तेव्हा बाबा पसार झाले होते. कुठे गेले, कुणालाच ठाऊक नाही. तुमच्या गावातही एखादा रिकामा हॉल असेल. तिथे वाटी घेऊन कुणी बसला, तर मान वाकवण्याआधी एवढंच विचारा, वाटीत काय आहे? आणि तो सांगत नसेल, तर घरी जा, लेकराला जवळ घ्या, आणि डॉक्टरला विचारा.