भिंतीवरचे दोन ठोके

सासूबाईंचं आणि शेजारच्या सुताराचं हाडवैर होतं, आणि ते चालायचं भिंतीवरून. पलीकडे त्याची हातोडी सुरू झाली की अलीकडून सासूबाई काठीने दोन ठोके हाणायच्या. 'बंद कर मेल्या', असा त्याचा अर्थ. त्याचं नावच त्यांनी ठोक्या ठेवलं होतं. जिन्यात गाठ पडली तर दोघंही तोंड फिरवून जात.

मग साथ आली. हातोडी थांबली, रस्ते ओस पडले. मुलगा ट्रक घेऊन गेला तो परगावीच अडकला. घरात उरल्या सासू-सून, आणि त्यात सासूबाईंना ताप भरला. दवाखान्यात खाट मिळेना, तेव्हा त्यांनी स्वतःच मागच्या खोलीचं दार लावून घेतलं.

"आत पाऊल टाकायचं नाही," त्यांनी सुनेला बजावलं. "तू आडवी झालीस तर मला पाणी कोण देणार? बोललं की खोकला येतो, म्हणून रोज सकाळी भिंतीवर दोन ठोके मारीन. समजायचं, म्हातारी आहे अजून. तेवढंच त्या ठोक्याचंही डोकं उठेल."

सून इमारतीतल्या सगळ्यांसाठी मास्क शिवत होती. लोक पायरीवर भाजी, औषधं ठेवून लांबूनच हाक मारत. पण सकाळचे ते दोन ठोके ऐकल्याशिवाय ती मशीनवर बसत नसे. तोवर तिचा जीव टांगणीला लागलेला असे.

एका सकाळी ठोके येईनात. तिने न राहवून कडीला हात घातला, तेवढ्यात भिंतीवर वाजलं. एक, दोन.

"सुटले बाई," ती म्हणाली आणि मशीनवर जाऊन बसली. दाराशी ठेवलेला चहा तसाच निवून गेला. झोपल्या असतील, असं ती धरून चालली.

दुपारी कुणीतरी दार बडवलं. बघते तर तोंडाला फडकं बांधून सुतार उभा. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच त्यांच्या उंबऱ्याशी आला होता.

"पोरी, म्हातारीला बघ. आज तिचे ठोके आले नाहीत."

'आले की', असं म्हणायला तिने तोंड उघडलं, पण तो तोवर आत घुसला होता.

सासूबाईंना शुद्ध नव्हती. काठी हातातून सुटून कॉटखाली गेली होती. सुताराने खोलीचं दार बिजागऱ्यांतून उपसलं आणि म्हातारीला लहान मुलासारखं उचलून त्यावर निजवलं. "अरे, कुणी येताय का?" तो जिन्यात ओरडला. आजवर भीतीने खिडकीही न उघडणारे खालच्या मजल्यावरचे दोघे भाऊ तोंडं बांधून धावत आले. भाजीवाल्याने टेम्पो काढला. या वेळी दवाखान्यात खाट मिळाली. डॉक्टर एवढंच म्हणाले, "सकाळी आणायला हवं होतं."

संध्याकाळी सासूबाई गेल्या.

काही दिवसांनी सुतार दार परत बसवायला आला. हातोडी त्याने आणलीच नव्हती. हातानेच स्क्रू पिळत होता.

"एक विचारू?" तो मान वर न करता म्हणाला. "त्या दिवशी सकाळी मीच ठोकलं होतं. दोनदा. म्हटलं, म्हातारी चिडेल, उलट हाणेल. काहीच आलं नाही. झोपली असेल म्हणून मीही बसून राहिलो. तुला ऐकू आलं होतं का गं ते?"

कडीवरचा आपला हात सुनेला आठवला, आणि तो मागे घेतानाचं ते हायसं वाटणंही. तिला ओरडून रडावंसं वाटलं. समोर गुडघ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे खोल गेले होते. कुणी शिवायला तयार नसताना याने तिच्या सासूला उचललं होतं. खरं सांगितलं तर हा पुन्हा कधी हातोडी धरायचा नाही.

"नाही काका," ती म्हणाली. "मशीन चालू होती."