जमिनीवर रस्ता नाही

लखन माझा चुलत दीर. कानबाईच्या रोटात त्याची मूठ पडते म्हणून त्याला घरचा म्हणायचं, नाहीतर त्याचं तोंड बघायची माझी इच्छा नाही. नकाशा कसा काढायचा हे त्याला मीच शिकवलं. गुरूची विद्या गुरूला म्हणतात ना, तसं झालं.

मी शाळेची व्हॅन चालवते. बाई व्हॅन चालवते याचं सुरतेत आता कुणाला नवल राहिलेलं नाही, फक्त लखनला आहे. व्हॅन जुनी घेतली तेव्हा काचेला चिकटवलेलं जीपीएसचं यंत्र सोबत आलं. त्यातला कंपनीचा नकाशा इतका जुना की आमच्या सोसायटीच्या जागी ऊस दाखवायचा. नवा नकाशा पाहिजे तर पैसे भरा, म्हणे. मी कशाला भरते? ओपनस्ट्रीटमॅप नावाचा एक फुकटचा नकाशा आहे. कुणीही काढावा, कुणीही दुरुस्त करावा, कुणीही वापरावा. त्याची फाइल उतरवली, मेमरी कार्डात टाकली, कार्ड यंत्रात सरकवलं आणि यंत्राला अक्कल आली.

पण त्यातही आमच्या गल्ल्या नव्हत्या. पैसेवाल्यांच्या सोसायट्या झाडाझुडपांसकट होत्या, आमच्याकडे नुसती कोरी जागा. माझं डोकंच फिरलं. जुन्या बाजारातून हातात धरायचं एक जीपीएस आणलं, पेन्सिल सेलवर चालणारं, आणि पोरांना शाळेत सोडलं की गल्लीगल्ली फिरू लागले. चाललेल्या वाटेचा माग ते यंत्र ठेवतं. तो माग कॉम्प्युटरवर चढवायचा, त्याच्यावरून रेघ ओढायची, नाव द्यायचं. झाला रस्ता.

लखन तेव्हा वहिनी वहिनी करत मागे असायचा. त्याच्या गाडीतल्या यंत्रात नकाशा मी भरून दिला, त्याचं खातं मी उघडून दिलं. नियम एकच सांगितला: जमिनीवर जे आहे तेच नकाशात, मनातलं काही काढायचं नाही. तो मान डोलावत होता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ होतो हे मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं.

आता जिजीचं सांगते. जिजी म्हणजे माझी सासू, शोभाबाई. तिचं माहेर वर खानदेशात, तापीच्या काठी. तीच तापी पुढे सुरतेला येते. जिजी म्हणते, माहेराहून कुणी येवो न येवो, पाणी येतं. पण एरवी ती नदीवर जायची नाही. वर्षातून एकदाच, कानबाईच्या सोमवारी जायची.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या घरी आमची खानदेशची देवी, कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, डोरलं, नवं लुगडं, सगळं करायचं. भाऊबंदकीतल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू घ्यायचे, दळायचे, त्याचा रोट करायचा. ज्याची मूठ रोटात तो आपला, मग तो कसाही असो. सोमवारी सकाळी कानबाई डोक्यावर घेऊन अनवाणी तापीच्या ओवाऱ्यावर जायचं. ओवारा म्हणजे इथला घाट. घरातल्या मोठ्या बाईनं न्यायची, वाटेत कुठे टेकवायची नाही. टेकली तर तिथेच विसर्जन, त्या वर्षी पुन्हा डोक्यावर घ्यायची नाही. जिजी तिला घेऊन गुडघाभर पाण्यात उभी राहायची आणि बराच वेळ बाहेर यायचीच नाही. सासरे काठावर छत्री धरून ताटकळत उभे.

आमची सोसायटी आणि ओवारा यांच्या मध्ये एक डाइंग मिल होती, कापड रंगवायची. मिलमध्ये निम्मे कामगार आमचेच, म्हणून जुना शेठ त्या सोमवारी दोन्हीकडचे गेट उघडायचा आणि कानबाई मिलच्या आवारातून सरळ नदीवर जायची. एका वर्षी ते हातातलं यंत्र माझ्या कमरेला खोचलेलं होतं. त्यानं माग ठेवला, मी रेघ ओढली, पायवाट म्हणून नाव दिलं, 'कानबाईची वाट'. वर्षातून एकदा उघडणारी वाट मी बारमाही म्हणून काढली, हे खरं. पार्सलवाली पोरं तिचा माग काढत मिलच्या बंद गेटवर धडकायची आणि वॉचमनच्या शिव्या खाऊन परत जायची. पण आमच्यापैकी एकालाही त्यात काही चुकलं असं वाटलं नाही. आमच्या मते ती वाट होतीच, गेट मधे आलं होतं.

मग शेठ वारला, पोरांनी मिल विकली आणि तिथे टॉवर उभा राहू लागला. नव्या बिल्डर शेठनं साइटवर सुपरवायझर कोण नेमावा? लखन.

यंदा जिजीचे गुडघे पार गेले. दिवाळीनंतर ऑपरेशन, आणि त्यानंतर डोक्यावर ओझं घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणजे हीच शेवटची कानबाई. दुसरी वाट मोठ्या रस्त्यानं, फ्लायओव्हरखालून वळसा घालून. ती तिला अनवाणी झेपणार नव्हती. मिलमधून गेलो तर जिजी नदीत उभी राहणार, नाही तर नाही. एवढीच गोष्ट होती, आणि ती लखनच्या हातात होती.

मी त्याच्या घरी गेले. तो खुर्चीतून उठलासुद्धा नाही. म्हणाला, "वहिनी, शेठले इचारसू. पन त्या वाटनं नाव नकाशाम्हाईन काढी टाक. गिऱ्हाइकं इचारतस, मधून लोकेस्ना रस्ता शे का म्हणून."

"तू गेट उघडशील का ते सांग."

"दखू."

दखू म्हणजे बघू. माझ्या नवऱ्याला, निंबाला वाटलं की होईल. निंबा सुरतेजवळच्या सचिन गावात कापडाच्या लूमवर काम करतो, त्याला सगळ्यांचं सगळं होईल असंच वाटतं. मी मात्र घरी येऊन नकाशा उघडला, तर वाट गायब. या नकाशात कुणी काय पुसलं त्याच्यापुढे नाव राहतं. लखनचंच खातं, मीच उघडून दिलेलं. कारणाच्या जागी त्यानं लिहिलं होतं, 'जमिनीवर रस्ता नाही.' माझंच वाक्य माझ्या तोंडावर फेकलं होतं. मी वाट परत काढली. त्यानं परत पुसली. मी पुन्हा काढली, त्यानं पुन्हा पुसली. इकडे मनात मी त्याच्या सात पिढ्या काढत होते, आणि त्या सात पिढ्या माझ्याच नवऱ्याच्याही आहेत याचं भान नव्हतं.

रविवारी रोटाचे गहू मोजताना मी म्हणाले, "जिजी, लखनची मूठ टाकू नको."

जिजीनं माझ्याकडे बघितलंही नाही. सव्वा मूठ गहू उचलले आणि टाकले. "पोरगा शे तो कुळना. तुना नकाशा नही तो, पुसाले."

मला ते झोंबलं. लखन संध्याकाळी आला, कानबाईला हात जोडले, गाणी ऐकली आणि गेटचं नाव काढलं नाही. मीही सगळ्यांदेखत काढलं नाही, कारण त्या दिवशी घरात भांडायचं नसतं. तोंडात मूग धरून बसले.

सोमवारी सकाळी डफ वाजत निघालो. जिजीच्या डोक्यावर पाट, पाटावर कानबाई, मागे सासरे छत्री धरून. मी हातातलं यंत्र घेऊन पुढे. लखननं नेटवरून वाट पुसली तरी माझ्या कार्डातला नकाशा जुनाच होता. त्यात कानबाईची वाट ठळक होती, सोसायटीतून निघून मिल ओलांडून थेट निळ्या पाण्यात. मी त्या रेघेवर चालत होते आणि मनात म्हणत होते, आज उघडायलाच लावते.

गेट बंद होतं. नवं लोखंडी गेट, त्याला साखळी. गेटच्या बाहेर बांधकामाच्या रेतीचा मोठा ढीग. आत लखन, इस्त्रीच्या शर्टात, खिशाला किल्ल्या लटकलेल्या.

"उघड," मी म्हणाले.

"वहिनी, शेठनी ना पाडी. माले नोकरी करनी शे."

"हे बघ, वाट इथून जाते." मी यंत्र गेटच्या गजाला लावलं.

"ते जुनं शे. नवा नकाशाम्हा दख. आठे रस्ता नही." आणि तो चक्क हसला. डफ थांबला होता. निंबा पुढे होऊन त्याला काहीतरी समजावू लागला, भाऊ, दहा मिनिटांचा प्रश्न आहे, वगैरे. लखन त्याच्याकडे पाठ करून वॉचमनशी गुजरातीत बोलायला लागला. आम्ही कुणी भाड्याची माणसं असावीत तसं. त्या क्षणी गेट नसतं तर मी त्याच्या थोबाडीत दिली असती, सोमवार असो की काही असो.

जिजीचे पाय थरथरत होते. मी तिच्याकडे वळले तर ती रेतीच्या ढिगाकडे बघत होती.

"लखन," ती म्हणाली, "हाई वाळू कोठली शे?"

लखनला शेठची बढाई मारायची संधी मिळाली. "तापीनी शे, मोठीमाय. आमना शेठ दुसरी वापरसच नही."

"तापीनी?"

"मायनी आन. सगळा टॉवर तापीनी वाळूम्हाच उभा व्हई राहिना."

"मंग तापीच आठे उनी म्हणा," जिजी म्हणाली. ती ढिगाच्या कडेला गेली, वाकली आणि डोक्यावरची कानबाई वाळूवर टेकवली.

लखनचं हसू पहिल्यांदा गेलं. तोही आमच्यातलाच, टेकली म्हणजे काय हे त्याला सांगायला नको होतं. तो गजाला धरून म्हणाला, "मोठीमाय, आठे नको. शेठ माले जिता ठेवाव नही." पण सासऱ्यांनी कळशीतलं पाणी ओतलं, बायकांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला. विसर्जन झालं. मी मात्र आनंदानं वेडी व्हायची बाकी होते.

दुपारपर्यंत ढिगाभोवती उदबत्त्या लागल्या. साइटवरचे मजूर नंदुरबारकडचे, कानबाईला मानणारे. त्या रेतीला फावडं लावायला एकही तयार होईना. दुसऱ्या दिवशी बिल्डर शेठ स्वतः आला, बूट काढले, हात जोडले आणि लखनला म्हणाला की माताजींना हलवायचं नाही, गेट दुसरीकडे घे. हे वॉचमननं मला सांगितलं. ते ऐकून मी घरी गोड केलं.

आणि नकाशा उघडून त्या जागी देवस्थानाची खूण टाकली: 'कानबाईचं ठाणं.'

संध्याकाळी लखनचा फोन आला. "वहिनी, ते काढ. गिऱ्हाइकंस्ना गाड्यास्ना यंत्रम्हा दखाई राहिनं."

"जमिनीवर आहे, लखन," मी म्हणाले. "जाऊन बघ. जमिनीवर जे आहे तेच नकाशात." त्यानं फोन आपटला. इतकं बरं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

जिजी ओट्यावर पाय पसरून बसली होती. मी तिच्याजवळ बसले, यंत्रात नवा नकाशा भरून आणला होता, तो दाखवला. हे आपलं घर, हे तुझं ठाणं, आता कुणाच्या बापाला पुसता येणार नाही. तिनं यंत्र हातात घेऊन डोळे बारीक करून बघितलं.

"आनि तापी?"

मी बोटानं दाखवली. खुणेच्या पलीकडे टॉवर, आणि त्याच्या पलीकडे निळी पट्टी.

ती त्या पट्टीकडे बघत राहिली. मग तिनं तळपायावरून हात फिरवला. टाचांच्या भेगांत रेती अजून अडकलेली होती.

"लखननी जिरनी, चांगलं व्हयनं," ती म्हणाली. "पन मना पाय कोरडाच राहिनात, उज्ज्वला."

मी लगेच उठले. म्हणाले, "चल ना मग. आत्ता व्हॅन काढते. फ्लायओव्हरखालून नेते, थेट ओवाऱ्यावर उतरवते. किती वेळ लागतो?"

"आनि कानबाई?"

कानबाई तर वाळूवर टेकली होती.

"रिकामं डोकं लिसन मायेरले जाऊ का मी?" जिजी म्हणाली, आणि यंत्र माझ्या हातात परत दिलं.