मालकाला बोलवा

जप्त गाड्यांच्या आवारातल्या खिडकीशी बुरूल तिसऱ्यांदा उभी राहिली आणि आतल्या ओराझने तिसऱ्यांदा तेच सांगितलं.

"मालकाला बोलवा, वहिनी."

"दंड भरलाय की मी. ही काय पावती."

"दंड मशीन घेतं, गाडी मी देतो. कागदावर नाव आहे असानकूल. आता तुम्ही काही असानकूल दिसत नाही मला."

रांगेतला एक जण फिसकन हसला. बुरूलला हसायला सुचत नव्हतं. जाळीच्या कुंपणापलीकडे तिची गाडी चार दिवे लुकलुकवत उभी होती आणि मागच्या सीटवर, सात दुलयांखाली, जर्दाळूच्या लाकडाचा पाळणा होता. चाळिसाव्या दिवसानंतर बाळाला पाळण्यात घालतात आणि पाळणा आईच्या माहेरून येतो. तिच्या लेकीच्या, मिरगूलच्या सासरी, इथून अर्ध्या तासावर, सतरंज्या घालून पन्नास माणसं त्या पाळण्याची वाट बघत बसली होती.

सीमेपलीकडे, तिच्या तोकमोकमध्ये, गाडी एकाच्या नावावर आणि चाक दुसऱ्याच्या हातात, असंच अख्खं गाव फिरतं. कुणी हटकत नाही. सीमेवरच्या शिपायानेसुद्धा पाळणा पाहिला आणि हात हलवून जाऊ दिलं. पण ही अल्माटी. इथे गाडी उचलून नेली की ती मालकाच्याच हाती पडणार.

आणि मालक, तिचा नवरा असान, मे महिन्यातच गेला होता.

तो गेला तेव्हा मिरगूलला सातवा महिना होता आणि डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायचीही बंदी केलेली. अशी बातमी फोनवरून कळवायची नसते. वडीलधाऱ्यांनी समोर बसवून, शब्दांना आडवळणं घालत, हळूहळू सांगायची असते. म्हणून ठरलं की बाळंतपण होऊ दे, चाळीस दिवस जाऊ देत, बाळ पाळण्यात पडू दे. मग त्याच संध्याकाळी व्याही आणि दोन म्हातारे तिला सांगतील. तोवर असान घोडे घेऊन वरच्या कुरणावर गेलाय आणि तिथे रेंज नाही. चार महिने बुरूल हे एकच वाक्य बोलत आली होती. असान मात्र पाळणा पुरा करून गेला होता. शेवटची दांडी त्याने घासली त्याच्या चौथ्या दिवशी.

तशी चूक तिचीच. शहरात शिरल्यावर तिला आठवलं, डोक्याला सुतकाचा काळा रुमाल आहे. लेकीसमोर तसं कसं जायचं? समोर रुमालांचं दुकान दिसलं. काळा रुमाल गाडीच्या खणात ठेवला, तिथल्या दुसऱ्या काळ्या रुमालावर, आणि उतरली. चार दिवे लुकलुकत ठेवले की गाडी कुठेही उभी करावी, ही असानची शिकवण. गावात आजवर तिच्यावर निभावलं होतं. दहा मिनिटांनी लाल-हिरव्या फुलांचा रुमाल बांधून ती बाहेर आली, तर गाडीच्या जागी नुसता रस्ता.

"अहो आगा," ती खिडकीत वाकून म्हणाली, "निदान पाळणा तरी काढू द्या."

"गाडीतलं सामान गाडीबरोबर. मालक आहेत कुठे?"

"कुरणावर," बुरूल म्हणाली. जिभेला सवयच जडली होती. म्हणायला नको होतं, हे तिला म्हटल्यावर कळलं.

ओराझने ते वहीत लिहून घेतलं. मालक कुरणावर. मग पेन बाजूला ठेवून तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, "मेला-बिला असता तर गोष्ट वेगळी. दाखला बघून बायकोच्या हाती चावी दिली असती. जिवंत माणसाचं काही करता येत नाही, वहिनी."

दाखला तिच्या पर्समध्येच होता. अंत्यविधी झाल्यापासून तिथेच घडी घालून पडलेला. नुसता काढून पुढे करायचा, की फाटक उघडणार होतं. तिने पर्सची कडी उघडली.

"आपा!"

बुरूलने कडी खाडकन लावली. मागे आईला हाक मारत मिरगूल उभी होती, छातीशी बाळ घेऊन.

"अगं, येऊ नकोस म्हटलं होतं ना फोनवर! बाळंतीण ना तू?"

"सगळे ताटकळलेत. सासूबाईंनी दोनदा चहा केला." मिरगूल खिडकीकडे वळली. "काय अडलंय, आगा?"

"तुझ्या वडलांना फोन लाव, पोरी. तोंड दाखवू देत, हो म्हणू देत, दोन मिनिटांत सोडतो गाडी."

कागद काढावा तर लेक समोर. न काढावा तर पाळणा आत. तिथून पळावं, तर पळायला गाडीही नव्हती.

"रेंज नाही तिथे," ती घाईने म्हणाली.

मिरगूल आईकडे बघत राहिली. तिने हात पुढे करून आईच्या नव्या रुमालाला लोंबणारी किमतीची चिठ्ठी तोडली आणि मुठीत धरली.

"घोडे उतरले, आपा. सगळ्यांचे उतरले. सप्टेंबर संपत आला."

बुरूलने पर्स छातीशी धरली.

"मे महिन्यात तू व्हिडिओ फोन केलास, तेव्हा तुझ्यामागे अंगणात युर्ताचा तंबू उभारलेला दिसला. ना लग्न, ना सण. आपल्या दारात युर्त कशाला लागतो, हे मला कळत नाही का?"

"तेव्हापासून?" बुरूलने विचारलं. "मग बोलली का नाहीस?"

"मला कुणी सांगितलंच नव्हतं. न सांगितलेल्या माणसासाठी रडू कशी? सासूबाई हसून जेवायला वाढायच्या, मी हसून जेवायची. तू म्हणायचीस कुरणावर, मी म्हणायची, बाबांना सांग, थंडीत सांभाळा. आता सांग, आपा. तू सांगितल्याशिवाय मला रडता येत नाही गं."

बुरूलने तोंड उघडलं. चार महिने जपलेलं ते एकच वाक्य पुन्हा ओठांवर आलं. दुसरं येईचना. नवऱ्याचं मरण बायकोने सांगायचं नसतं, आणि ते तिच्याच्याने होतही नव्हतं.

खिडकी धाडकन बंद झाली. रांगेतली माणसं कुरकुरली. बाजूच्या दारातून ओराझ बाहेर आला. त्याने टोपी नीट डोक्यावर ठेवली आणि मिरगूलसमोर, आवाराच्या धुळीत, ताठ उभा राहिला.

"पोरी, मी तुझ्या गोतातला नाही. पण वयाने मोठा आहे," तो म्हणाला. "कुरणावरून घोडे उतरले. तुझ्या बापाचा घोडाही उतरला. त्याचं खोगीर रिकामं होतं."

मिरगूलने बाळ आईच्या हाती दिलं आणि तिथेच खाली बसून मोठ्याने, गळा मोकळा सोडून रडली. फिसकन हसलेल्या माणसानेही मान खाली घातली. बुरूल नातीला घट्ट धरून लेकीशेजारी बसली आणि तिचाही बांध फुटला.

बऱ्याच वेळाने तिने पर्समधून दाखला काढला. ओराझने तो उलगडलासुद्धा नाही. वही मागवून मघाची ओळ खोडली आणि फाटक उघडलं.

गाडीचे दिवे आता मंद झाले होते. बुरूलने ते बंद केले आणि खण उघडला. एक काळा रुमाल तिने आपल्या डोक्याला बांधला. दुसरा संध्याकाळसाठी आणला होता. तो तिने लेकीच्या डोक्याला बांधला.