मुरेनाबाई, दोरी टाका!

मित्रांनो, मी एक जुनी पाणतीर-नौका आहे, आणि जन्मभरात मी एकही जहाज बुडवलेलं नाही. खुशाल हसा. मला त्याची सवय आहे.

पोला बंदरातल्या आरमारी गोदीत मी घडले. माझ्या नाकाशी, पाण्याखाली, एक लांब पितळी नळी बसवलेली होती. दाबलेल्या हवेच्या जोरावर तिच्यातून पाणतीर सुटायचा आणि थेट शत्रूच्या जहाजाच्या पोटावर आदळायचा, अशी योजना होती. खडकाच्या कपारीत दात विचकून बसणाऱ्या माशाचं नाव मला मिळालं, मुरेना. त्या दिवशी बँड वाजला, टोप्या उडाल्या, आणि मला आभाळ ठेंगणं झालं.

पण माझं इंजिन निघालं मठ्ठ. ज्यांना गाठून मारायचं, ती जहाजं क्षितिजापलीकडे जाईपर्यंत मी आपली धापा टाकत असायचे. विस बेटावरच्या कोमिझा गावाचे कोळी तर लांब होड्या वल्हवत माझ्या बाजूने पुढे निघून जात. त्यांच्यातला नादालिन सगळ्यांत खवचट. तोंडाशी हाताचा कर्णा करून तो ओरडायचा, "मुरेनाबाई, दोरी टाका! आम्ही ओढून नेतो!" सगळ्या होड्या खिदळायच्या.

गंमत अशी, की नादालिनचाच मुलगा बार्तुल माझ्या नळीवर कामाला होता. बापाचा आवाज आला की तो आत दडायचा. पण माझ्यावर त्याचा फार जीव. नळी रोज पुसायची, झडपेला कान लावून हवेचा आवाज ऐकायचा आणि तो बिघडला की लाडाने विचारायचं, "आज रुसलीस का गं?" असा हात लाभायला भाग्य लागतं.

एका शरद ऋतूत वरून हुकूम आला. पोलाला येऊन वरिष्ठांसमोर पाणतीर नेमका मारून दाखवा, नाहीतर या नौकेचा लढाऊ दर्जा काढून घेऊ. बार्तुल महिनाभर नीट जेवला नाही. आम्ही विस बेटावरून निघालो तेव्हा नळी आरशासारखी लखलखत होती आणि हवेच्या टाक्या गच्च भरलेल्या होत्या. पोलाच्या खलाशांसाठी ऑलिव्ह तेलाची पिंपंही सोबत होती.

दुपारी डोंगराकडून बोरा सुटला. त्या वाऱ्याला दयामाया नाही. समुद्र पांढराफटक झाला आणि त्या पांढऱ्यात आम्हाला होड्या दिसल्या. कोमिझाचे कोळी सार्डिन मासे पकडून परतत होते. लाटा फुटून होड्यांत पाणी भरत होतं. लोक मासळीची पिंपं समुद्रात ढकलत होते.

"ती पुढची बाबांची," बार्तुल पुटपुटला. ते फक्त मला ऐकू आलं.

जवळ जावं, तर लाटांनी होड्या माझ्याच अंगावर आपटून फुटल्या असत्या. आमचे कप्तान हेर्टल डोंगरी मुलखातले. समुद्र त्यांनी मिसरूड फुटल्यावर पहिल्यांदा पाहिला, पण माणूस असा, की संकटात त्यांचा आवाज उलट हळू व्हायचा. ते म्हणाले, "पिंपं वर आणा. नळीतून तेल सोडा."

"साहेब," बार्तुल म्हणाला, "झडपा तेलाने चोंदतील. हवा संपेल. परवाची परीक्षा..."

"तुझे वडील आहेत ना तिथे?"

"म्हणूनच विचारतो, साहेब. उद्या कुणी म्हणायला नको, बापासाठी जहाज घालवलं."

"जहाज मी घालवलं म्हणून सांग. हुकूम माझा आहे."

आचारी पिनो पिंपाला मिठी मारून उभा राहिला. "तेल समुद्राला! आणि आम्ही मासे काय पाण्यात तळायचे?" पण बोलता बोलता त्यानेच पहिलं पिंप फोडलं.

आम्ही होड्यांच्या वाऱ्याकडच्या अंगाला गेलो. ज्या नळीतून मरण सुटायचं, तिच्यातून बार्तुलने तेल सोडलं. हवेच्या प्रत्येक फुंकरीसरशी ते पाण्यावर पसरत गेलं. लाटा उंच होत्या तशाच राहिल्या, पण फुटायच्या थांबल्या. म्हशीच्या पाठीसारख्या गुळगुळीत झाल्या. त्या तेलकट पाण्यातून कुणीतरी ओरडलं, "मुरेनाबाई, दोरी टाका!" आवाज नादालिनचाच, पण आज त्यात रडू होतं.

मी दोरी टाकली. एकीमागे एक होड्या बांधल्या आणि माझ्या त्याच मठ्ठ इंजिनाने सगळ्यांना बेटाच्या आडोशाला नेलं. वर चढताच नादालिनने तेल निथळणारी दाढी पिळली आणि म्हणाला, "चांगलं तेल नासलंत की रे!" मग मुलाला जवळ घेऊन हमसून हमसून रडला.

पोलाला आमचा पाणतीर नळीतच अडकला. "नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!" एक वरिष्ठ हसून म्हणाले. माझा दर्जा गेला, कप्तानांची बढती गेली. त्यांनी एकदाही खंत केली नाही, आणि त्याचा मला आजही अभिमान वाटतो.

पुढे मी दीपगृहांना पाणी पोचवलं, टपाल नेलं, शेळ्यासुद्धा नेल्या. शेवटी इंजिन काढून घेतलं आणि मला मोडीत घालायचं ठरलं. तेव्हा कोमिझाच्या लोकांनी मला मागून घेतलं. "न्या, पण नेणार कसे?" असं त्यांना विचारण्यात आलं.

मी तेव्हा बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या बंदरात होते; ठरल्या दिवशी तिथे कोमिझाच्या होड्या आल्या. पहिल्या होडीच्या पुढच्या टोकावर नादालिन बसला होता. डोळे अधू झालेले, पण हाताचा कर्णा तोच.

"मुरेनाबाई, दोरी टाका! आम्ही ओढून नेतो!"

अख्ख्या बेटाला वळसा घालून त्यांनी मला वल्ह्यांच्या जोरावर आणलं.

आता मी कोमिझाच्या धक्क्याशी असते. माझ्यावर जाळी वाळतात. दर वसंतात बार्तुल येऊन माझा गंज खरवडतो, पण त्याचेही हात आता थकले आहेत. मित्रांनो, तुम्ही याल ना एखादा ब्रश घेऊन? जुन्या वस्तूला तिने किती पराक्रम गाजवला ते विचारू नका. तिने कुणाला ओढून आणलं ते विचारा, आणि ती थकली की तिची दोरी हाती धरा.