पाच अक्षरांच्या गाई

मावशीच्या भावाने घर बदलताना माळा रिकामा केला, तेव्हा एका खोक्यात तो सापडला. तळहाताएवढा, करड्या रंगाचा व्हिडिओ गेम. मागचं झाकण उघडलं तर आत सेल फुटून पांढरी पूड साचलेली. मावशीने तो रुमालात गुंडाळला आणि दुसऱ्याच दिवशी नवऱ्याला, म्हणजे काकांना, बरोबर घेऊन भाचीचं दुकान गाठलं.

भाची मोबाइलपासून कॅमेऱ्यापर्यंत सगळं दुरुस्त करायची. तिने स्क्रू काढले, भिंगातून पाहिलं आणि मान हलवली. "मावशी, हा काही आता चालू होत नाही. गंजाने सर्किट पार खाल्लंय. तुला खेळायचंय, की आतलं काही हवंय?"

"आतलं. गाईंची नावं हवीत."

"राहू दे ना," काका घाईघाईने म्हणाले. "कशाला उगाच पोरीला कामाला लावतेस?"

मावशीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

हा गेम तिच्या भावाने आणि त्याच्या मित्राने, म्हणजे काकांनी, अर्धे अर्धे पैसे घालून घेतला होता. एक आठवडा इकडे, एक आठवडा तिकडे. गेम गोठ्याचा होता. गाय घ्यायची, तिला नाव द्यायचं, पण नावात इंग्रजी पाचच अक्षरं बसायची. भाऊ महिनाभरात कंटाळला आणि त्याची पाळी मावशीने पटकावली. एकदा गेम तिकडून आला तर गोठ्यात नवी गाय, नाव 'भूक'. मावशीने गंमत म्हणून दुसरी घेतली आणि नाव ठेवलं 'जेव'. मग काय, सुरूच झालं. वर्षभर दोघं गाईंच्या नावांतून बोलत होते आणि दोन्ही घरांत कुणाला पत्ता नव्हता. शेवटी मावशीने एकदम दोन गाई घेतल्या, 'लग्न' आणि 'करू'. भावाच्या हाती गेम पाठवला आणि आठ दिवस तिला धड जेवण गेलं नाही.

गेम परत आला तो बंद पडलेला. काही केल्या सुरू होईना. मावशी तशीच उठली आणि भावाचा तो मित्र विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करायचा त्या वर्कशॉपच्या दारात जाऊन उभी राहिली. "उत्तर काय दिलंस?" त्याच्या हातात तांब्याची तार होती. "'हो' म्हणून दिलं," तो म्हणाला. सहा महिन्यांत लग्न झालं. तेव्हापासून चोवीस वर्षं, चार माणसं जमली की काका तोच किस्सा रंगवून सांगत आले होते, "मी तर गाईचं नावच 'हो' ठेवलं होतं!" मावशीला ती गाय एकदा डोळ्यांनी बघायची होती.

भाचीने गरम हवेने माहिती साठवणारी चिप सोडवली आणि कॉम्प्युटरला जोडलेल्या, चिप वाचणाऱ्या डबीत बसवली. पहिल्यांदा नुसता कचरा आला. तिने ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून चिपचा एकेक पाय साफ केला. दुसऱ्यांदा काहीतरी आलं. तिने तिसऱ्यांदाही वाचून बघितलं. "दोनदा सारखंच आलं. म्हणजे खरं आहे."

तोच गेम कॉम्प्युटरवर सुरू झाला. ती टिंगटिंग धून वाजली आणि मावशीचा अंगठा आपोआप हलायला लागला. रांगेत गाई उभ्या होत्या. भूक, जेव, पाऊस, भिजू, राग, थोडा. भाची एकेक नाव वाचत होती आणि हसून हसून तिची पुरेवाट झाली होती. लग्न. करू. आणि अगदी शेवटी, एक तपकिरी गाय.

"थांब," भाचीने वाचलं आणि काकांकडे पाहिलं.

मावशी वळली. काका स्टुलावर बसून नखं बघत होते.

"नोकरी पक्की नव्हती गं," ते म्हणाले. "वर्षभर थांब म्हणणार होतो. पण तू घामाघूम होऊन दारात उभी राहिलीस. तोंडातून 'थांब' निघेचना."

"आणि चोवीस वर्षं पोटात ठेवलंस?"

"एकदा खोटं बोललो. मग दरवर्षी खरं सांगणं आणखी अवघड होत गेलं."

मावशीला ते दिवस आठवले. त्याच महिन्यात वडिलांनी तिच्यासाठी एक स्थळ आणलं होतं. मुलगा चांगला होता. हे 'थांब' वाचलं असतं, तर तिने रागाच्या भरात तिकडे होकार कळवला असता. तिचा स्वभाव तिला ठाऊक होता.

"वाचलं असतं ना, तर मी थांबले नसते," ती हळूच म्हणाली.

"माहीत आहे मला."

"काय तरी माणूस आहेस!" ती म्हणाली, पण आवाजात राग टिकेना.

"फाइल जपून ठेवू ना?" भाचीने विचारलं.

"ठेव. आणि जरा ऊठ, मला बसू दे."

मावशी खुर्चीत बसली. गाईंच्या डोक्यावर भुकेची खूण लुकलुकत होती. काकांनी स्टूल जवळ ओढलं.

"चारा डाव्या कोपऱ्यात असतो," ते म्हणाले.

"माहीत आहे," मावशी म्हणाली आणि चारा घालायला लागली.