बॉनेटवरची अंडी

"उस्ताद, तुमच्या पार्सलला खास जागा दिली होती बघा," नवा ड्रायव्हर बसमधून उतरत म्हणाला. "डिकीत नाही, टपावर नाही. थेट माझ्या शेजारी, इंजिनच्या बॉनेटवर. म्हटलं, अंडी आहेत, जरा उबेला राहतील."

उस्तादांनी खोकं हातात घेतलं. ते नुकत्याच इस्त्री केलेल्या सदऱ्यासारखं गरम होतं. दिवसभराचा रस्ता, त्यातले खड्डे, वर हा शेक. अंडी उबवायची की उकडायची, याचा निकाल रस्त्यातच लागला असणार. पण पोरगा इतक्या कौतुकानं बघत होता की त्याला बोलायचं तरी काय? आणि खास माणसाचं सामान बॉनेटवर ठेवायचं, हे त्याला शिकवलं होतं कोणी? उस्तादांनीच. त्याच बसच्या स्टिअरिंगवर त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

"बरं केलंस," ते म्हणाले आणि खोकं छातीशी धरून घराकडे निघाले.

बायकोनं आधीच बजावलं होतं की अंडी कुरिअरनं मागवा. तेव्हा उस्ताद उसळले होते. कुरिअरवाले सामान फेकतात, आपली घरची बस असताना परक्याच्या हाती कशाला द्यायचं? आता घरची बस नडली होती. हे बायकोला कळलं तर जन्मभर ऐकावं लागेल, म्हणून त्यांनी दारातच सांगून टाकलं. नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं, असा त्यांचा हिशेब. बायकोनं फक्त "छान" म्हटलं आणि तो एक शब्द त्यांना पुरला.

अंडी अक्काची होती. अक्का म्हणजे उस्तादांची थोरली बहीण. आईनं पाळलेल्या उघड्या मानेच्या कोंबड्यांचं खानदान तिनं इतकी वर्षं अंगणात चालवलं होतं. मानेला पीस नाही, चाल तोऱ्याची, दिसायला कायम भांडून आल्यासारख्या. आता गुडघे गेले म्हणून मुलानं तिला आपल्या फ्लॅटवर नेलं, सातव्या मजल्यावर. कोंबड्या बाजारात गेल्या, कोंबडाही गेला. निघायच्या आदल्या दिवशी शेवटची अंडी तिनं भुशात बसवून धाकट्या भावाकडे पाठवली. यांतून पिल्लू निघालं नाही तर ते खानदान संपलं, इतकी साधी गोष्ट होती.

"लगेच उबवायच्या पेटीत घालू नकोस," अक्कानं फोनवर सांगितलं. "प्रवासात आतली हवेची पोकळी हलते. निमुळतं टोक खाली करून ठेव आणि हात लावू नकोस. जरा स्थिर होऊ दे."

"पाहुणा आला की आधी टेकू देतात, तसंच की," उस्तादांची बायको म्हणाली.

पेटी थर्माकोलची. पलीकडच्या गल्लीतल्या रेडिओवाल्यानं तिला बल्ब आणि उष्णता सांभाळणारं बटण बसवून दिलं होतं. आत पाण्याची वाटी, वर काचेची खिडकी. टीव्ही जमिनीवर आला आणि पेटी टीव्हीच्या टेबलावर चढली. उस्ताद समोर खुर्ची टाकून बसले. उष्णतेचा काटा जरा हलला की यांचा उजवा पाय ब्रेक शोधायचा. अंडी कोणी कितीदा फिरवायची यावर नवराबायकोचं रोज वाजायचं.

जो माणूस नोकरीभर घरी दोन घास खाण्यापुरता टेकला, तो आता केस कापायलाही बाहेर पडेना. अंड्यांवर बसलेली कोंबडी खुडूक होते, मग दाणा टाका नाहीतर काठी आपटा, ती जागची हलत नाही. उस्तादांचं तेच झालं.

"आमच्याकडे खुडूक बसलीय," बायको शेजारणीला सांगत होती. "मिशीवाली."

उस्तादांनी ऐकलं, पण उठले नाहीत.

मग अंडी तपासायची वेळ आली. न्हाणीघराचं दार लावून, दिवा मालवून, उस्तादांनी एकेक अंडं मोबाइलच्या बॅटरीवर धरलं. पहिलं नितळ, आत काहीच नाही. दुसरं नितळ. तिसऱ्यात रक्ताचं एक कडं, म्हणजे जीव धरला आणि गेला. असं करत बाद अंड्यांची टोपली भरत गेली. बायको शेजारी उभी होती आणि तिची थट्टा कधीच थांबली होती. एका अंड्यात मात्र लाल बारीक शिरा पसरल्या होत्या आणि मध्ये काळा ठिपका थरथरत होता. उस्तादांनी ते दोन्ही हातांत धरलं. त्यांना मनापासून भीती वाटली.

नेमका तेव्हाच अक्काचा फोन. "काय रे, भरली का अंडी? जीव धरला ना?"

"भरलीत की," उस्ताद म्हणाले.

फोन ठेवल्यावर बायकोनं विचारलं, "खोटं कशाला बोललात हो?"

"घाटात मध्येच प्रवाशाला घाबरवायचं नसतं. उतरल्यावर सांगेन."

अक्का रोज विचारायची, उस्ताद रोज ठोकून द्यायचे. शेवटी एका सकाळी अंड्याला चीर गेली. मग काहीच होईना. दुपार झाली, चीर तेवढीच. उस्तादांचा हात पेटीच्या झाकणाकडे गेला आणि बायकोनं त्यावर चापट मारली.

"अडकलंय गं ते. जरा टवका काढतो."

"उघडलंत तर बघा. त्याचं त्याला येऊ दे."

चहाच्या वेळेला टोपी उडावी तसं कवच सुटलं आणि आतून एक ओलं, चिंब, चिडलेलं गाठोडं बाहेर पडलं.

"अहो, मान बघा, मान," बायको म्हणाली. मान स्वच्छ उघडी होती. ती हसायला लागली आणि हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले.

पिल्लू वाळून गुबगुबीत झाल्यावर उस्तादांनी त्याला बल्बखालच्या खोक्यात ठेवलं आणि अक्काला फोन लावला. आता गाडी उभी होती. त्यांनी सगळं सांगितलं.

"अक्का, एकच आलं गं. बाकीची बॉनेटवर शेकली. चूक आमच्या लोकांची."



"अरे, त्या पोराला मीच म्हटलं होतं," अक्का म्हणाली, "बाबा रे, उबेला ठेव." आणि ती हसली. पूर्वीसारखी खळखळून नाही, पण हसली. "ओरडतंय ना ते?"

"सारखं. दाणापाणी सगळं आहे, तरी थांबत नाही."

"एकटं आहे. फोन आत ठेव."

उस्तादांनी फोन स्पीकरवर टाकून खोक्यात ठेवला. पलीकडून अक्कानं आवाज काढला. कुक् कुक् कुक्, खालच्या पट्टीत, घशातून, पिलांना पंखाखाली घेणाऱ्या कोंबडीचा.

पिल्लू गप्प झालं. मान वाकडी करून त्यानं ऐकलं. मग धडपडत, दोनदा पडत, ते फोनपाशी गेलं आणि त्याला अंग टेकून बसलं.

पलीकडे सुनेचा आवाज आला, "आई, कुणाशी बोलताय?" अक्का कुक् कुक् करतच राहिली.

पिल्लानं डोळे मिटले. उस्तादांची बायको उठली, आतून चार्जर घेऊन आली आणि फोन जराही न हलवता तिनं तो लावला.