बावीस वर्षांतला एक उन्हाळा

“कोन पायजे?” आवडाबाईने विचारले.

ती अंगणात चटईवर तांदळाच्या पापड्या घालीत बसली होती. पाडवा होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता, पण ऊन सकाळपासूनच तापू लागले होते. कुंपणाशी एक माणूस उभा होता. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात परटाकडून आलेला सदरा, पायाशी पत्र्याची ट्रंक आणि वळकटी. नीट दिसावे म्हणून तिने कपाळावर हात आडवा धरला, तसे बोटांचे ओले पीठ कपाळाला लागले.

“भागोजी ऱ्हातो ना हितं? त्याचंच घर बघतोय,” तो माणूस म्हणाला आणि हसला.

आवाजावरून तिने ओळखले आणि ती धडपडत उठली. पदर सावरताना दोन पापड्या पायाखाली गेल्या.

आपल्याच नवऱ्याला ओळखले नाही, याची तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत होती. पण तिचा तरी काय दोष? लग्नाला बावीस वर्षे झाली होती, आणि या बावीस वर्षांत भागोजी घरी आला तो फक्त भादव्यात. गौरी-गणपतीला दहा दिवस. धरमतरला बोटीतून उतरायचा, चिखल तुडवत, घोंगडी पांघरून यायचा आणि घरातल्या अंधारात चुलीपाशी बसायचा. त्याचे कपडे दहा दिवसांत एकदाही धड वाळत नसत. लग्नसुद्धा मार्गशीर्षातले, रात्रीच्या मुहूर्ताचे; उन्हात उभा असलेला नवरा तिने पाहिलाच नव्हता. त्याच्या भुवया पिकू लागल्या होत्या, हे तिला त्या दिवशी कळले.

भागोजी मुंबईला भुलेश्वरात एका गुजराती शेटच्या घरी गडी होता. भांडी, बिछाने, वरच्या मजल्यावर पाणी नेणे, पोरांना शाळेत पोचवणे, सगळे त्याच्याकडे. तिथे त्याला भागोजी कोणी म्हणत नसे. कोकणातून आलेला कोणताही गडी त्या घराला ‘रामा’च. उन्हाळा लागला की शेटचे सगळे घर माथेरानला जाई, आणि रामाही सामानाबरोबर जाई. त्यामुळे गावचा उन्हाळा त्याच्या वाट्याला कधी आलाच नाही. बाराव्या वर्षी काकाच्या मागे बोटीत बसला, त्यानंतर नाहीच.

“किती दिसांची रजा?” पाण्याचा तांब्या पुढे करीत आवडाबाईने विचारले.

“हाय, लय दिसांची.”

तिने पुढे विचारले नाही. वळकटी सोडताना त्यात त्याची जेवायची थाळी निघाली, पितळी, काठाला चेपलेली. परत जायचे असते तर माणूस थाळी कशाला घेऊन येईल? हे तिच्या मनात आले, पण तिने ते मनात टिकू दिले नाही. थाळी घासून फडताळात ठेवली आणि चुलीवर भात चढवला.

त्यानंतरचा महिना आवडाबाईच्या आयुष्यातला सगळ्यांत सुखाचा होता. हे ती कोणाला सांगू शकली नाही.

भागोजीला सगळ्याचेच नवल वाटे. पहाटे अंगणात गारवा असे, पत्र्यावर दव पडलेले असे, तेव्हाच तो उठून ओट्यावर येऊन बसे. कुठूनतरी गोड, जड असा वास येई.

“आवडे, ह्यो वास कसला गं?”

“सुरंगी. देवळामागं झाड हाय. तुमी लहानपनी चढला असाल त्याच्यावर.”

“चढलो असंन. वास ध्यानात न्हाय ऱ्हायला.”

दहा वाजेपर्यंत उन्हाचा चटका बसू लागे. दुपारी वारा साफ पडे. नारळाची झावळीसुद्धा हलत नसे, कुत्री विहिरीपाशी ओलीला जाऊन पडत, आणि माणसाला उगाच कोणाचा तरी राग आल्यासारखे होई. मग चारच्या सुमारास खाडीवरून खारा वारा सुटे आणि सगळे गाव एकदम बोलू लागे. भागोजी त्या वाऱ्याची वाट पाहत बसे. आला की म्हणे, “आला बघ.” जणू पाहुणाच आला. कधी संध्याकाळी डोंगराकडे ढग जमत, उजेड पिवळा होई, दोघे ओट्यावरून वर पाहत. आणि मग काहीच न होता ढग विरून जात.

ताडगोळे आले की तो एकेक गोळा सोलून आधी तिच्या हातावर ठेवी. एके दिवशी त्याने चार कैऱ्या मागून आणल्या, चुलीत भाजल्या आणि पन्हे करायला बसला.

“सैंपाकी म्हाराज करायचा माथेरानला,” गर कुस्करता कुस्करता तो सांगू लागला. “शेटाणी, पोरं, पावनं, समदी गॅलरीत बसायची. मी पेले फिरवायचो. मग भांड्याच्या बुडाला ऱ्हायलेलं, त्यात पानी घालून आमी गडी प्यायचो.”

त्याने गूळ घातला, मीठ घातले, फडक्याने गाळले. मग पेला दोन्ही हातांनी धरून तिच्यासमोर उभा राहिला.

“बसा की तुमीपन,” ती संकोचून म्हणाली.

“तू पी आदी.”

“अवो, बाया बघतील.”

“बघू देत.”

ती प्यायली. तो उभाच होता. पेला रिकामा झाल्यावर घ्यायला त्याने हात पुढे केला, तेव्हा तिच्या लक्षात आले की हे तो मुद्दाम करीत नव्हता. तीस वर्षे तो असाच उभा राहिला होता. त्याला दुसरे ठाऊक नव्हते. तिने त्याचा हात धरून त्याला खाली बसवले. स्वतःसाठी त्याने पन्हे घेतले ते दोनच घोट.

खाणे तर दिवसेंदिवस कमीच होत चालले होते. भाताची मूद तो अर्धी करी, मग पाव करी. पोटाला हात लावून बसे. सदरा अंगावर लोंबू लागला. आवडाबाई हे सगळे पाहत होती आणि तरी सकाळी देवळामागे जाऊन सुरंगीची फुले वेचून आणत होती. गजरा करून माळत होती. या वयात.

शेजारची ठमाबाई एकदा विहिरीवर म्हणालीच. “आवडे, नवरा सुकत चाललाय नि तू गजरा माळतंस?”

आवडाबाईने कळशी तशीच ठेवली. केसांतला गजरा काढून हातात घेतला आणि घरी आली. भागोजी ओट्यावर पडला होता.

“काय झालंय तुमाला? खरं सांगा.”

तो कोपर टेकून उठून बसला. “पोटात गाठ हाय. शेटनी दवाखान्यात दाखवलं. डाक्टर म्हनले, गावाला जा, हवापालट कर.” मग म्हणाला, “हवापालट म्हंजे काय, ते मला कळतं, आवडे. मला खुळा समजू नको.”

ती त्याच्या पायांशी बसून रडली. पण रडतानाही एक गोष्ट तिच्या मनाच्या तळाशी होती आणि तिला तिची भीती वाटली. ही गाठ नसती, तर हा माणूस आत्ता माथेरानच्या वाटेवर असता.

अक्षय्यतृतीयेला केसर आली. ही त्यांची एकुलती एक मुलगी, पोयनाडला दिली होती. बाप आजारी आहे असा निरोप पोचला म्हणून ती आली होती. येताना आंबे आणले होते. पण बापाशी काय बोलावे, हे तिला कळत नव्हते. भागोजीने तिला पाट मांडला, पाणी ठेवले, पान वाढले आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

“बस ना, बाबा,” केसर म्हणाली. “पावन्यासारखं काय करतोस?”

“पावनी तू हायस.”

ती जेवता जेवता थांबली. तिच्या मनात पाच वर्षे एक गोष्ट अडकून बसली होती, ती तोंडून निघालीच.

“माझ्या लग्नाला तू का न्हाय आलास?”

आवडाबाई चुलीपासून म्हणाली, “शेटनं रजा न्हाय दिली गं. कितीदा सांगितलं तुला? मेला तो शेट.”

केसरचे लग्न वैशाखात झाले होते. कन्यादान चुलत्याने केले. भागोजीने गावच्या माणसाबरोबर जरीकाठी लुगडे पाठवले होते आणि निरोप दिला होता की, शेट सोडत नाही. मांडवात जो विचारेल त्याला आवडाबाईने तेच सांगितले होते. पाच वर्षे तिने त्या न पाहिलेल्या शेटला शिव्याशाप दिले होते.

भागोजी भिंतीवरून सरकत खाली बसला.

“शेट वाईट न्हवता,” तो म्हणाला. “मी विचारलंच न्हाय.”

आवडाबाई चुलीपासून वळली.

“सामान बांधायचं चाललं होतं माथेरानचं. शेटाणी घाईत होती. आज विचारू, उद्या विचारू असं झालं. दारापत्तर जायचो नि परत यायचो. ‘रामा, काय हाय?’ म्हनली एकदा. तर मी म्हनलो, ‘काय न्हाय.’ मग गाडीत बसलो समद्यांबरूबर. त्येनी दिली असती रजा, केसर. म्या विचारलं असतं तर दिली असती.”

केसरने हात धुतले. ती बापाजवळ गेली नाही. पण संध्याकाळी निघताना तिने आणलेल्या आंब्यांतले दोन उत्तम आंबे निवडून त्याच्या उशाशी ठेवले, आणि त्याच्या पायांवर डोके टेकताना जरा जास्तच वेळ खाली वाकून राहिली.

राग धरला तो आवडाबाईने. दोन दिवस ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. भात समोर ठेवी आणि मागच्या दारी निघून जाई. बावीस वर्षांत आपण एकटीने काढलेली सगळी दुखणी, सगळी लावणी, एका पोराचे जन्मतःच जाणे, हे सगळे तिला आठवत राहिले. त्यातल्या किती वेळा याने रजेचे विचारलेच नव्हते? तो ओट्यावरून तिच्याकडे पाही. काही मागत नसे. चार वाजता वारा आला तरी “आला बघ” म्हणत नसे.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती परडी घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

“चला. करवंदं पिकलीत टेकडीवर.”

“चालवंल का मला?”

“न्हाय चालवलं तर बसू.”

टेकडी म्हणजे घरामागचा चढच. पोरे तो धावत चढत. या दोघांना तासभर लागला. मध्ये चार वेळा ते बसले. वर जाळ्यांवर काळीभोर करवंदे लगडली होती. खाली खाडीचे पाणी चमकत होते, मिठागरात पांढरे ढीग दिसत होते, आणि लांब रेवसच्या बाजूला एक शीड होते. आवडाबाईने मूठभर करवंदे तोडली आणि एक मुठीत झाकून त्याच्यापुढे धरले.

“कोंबडा का कोंबडी?”

त्याला कळले नाही.

“अवो, लहानपनी खेळला न्हाय का? आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. सांगा.”

“कोंबडा.”

तिने दाताने करवंद फोडले. पांढरे.

“हरलात.”

मग तो मूठ झाकू लागला आणि ती ओळखू लागली. चिकाने दोघांचे ओठ चिकट झाले. तो सारखा हरत होता. एकदा तिने ओळखल्यावर त्याने हळूच मुठीतले करवंद बदलून आधी फोडून पाहिलेले दुसरेच पुढे केले. तिने ते पकडले आणि इतक्या मोठ्याने हसली की खालच्या वाटेने जाणाऱ्या बाईने वर पाहिले. आवडाबाईने तोंडावर पदर घेतला, पण हसू थांबेना.

भागोजी तिच्याकडे पाहत होता. “तू अशी हसतंस व्हय?” तो म्हणाला.

ती दुसरीकडे पाहत म्हणाली, “ते दोन दिस मी उगा घालवलं.”

“ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. “म्या किती घालवलं.”

त्यानंतर तो घराबाहेर पडला नाही. वैशाख संपता संपता, एका दुपारी, वारा पडलेला असताना तो गेला. आवडाबाई त्याच्या कपाळावर ओले फडके ठेवीत होती. फडके भिजवून परत आणीपर्यंत सगळे संपले होते. केसर आली ती धावत आली आणि ओट्याच्या पायरीवरच बसली. “बाबा” म्हणून तिने जी हाक मारली, ती सबंध पाखाडीने ऐकली.

दिवस झाले. पाहुणे गेले. केसर म्हणाली, “आये, चल माझ्याकडं चार दिस.”

“आन् राब कोन भाजंल? मिरगाला चार दिस ऱ्हायले.”

भाताचे रोप ज्या तुकड्यात करायचे, त्यावर शेण, पाचोळा, डहाळ्यांचे कवळे पसरून जमीन भाजायची असते. बाकी गावाने ते चैत्रातच उरकले होते. सगळ्यांच्या शेतांत काळे चौकोन पडले होते. आवडाबाईचाच तुकडा तेवढा कोरा होता.

दुसऱ्या दिवशी ती आणि केसर शेतात गेल्या. पाचोळा पसरला, वर माती टाकली. आवडाबाईने वाऱ्याची दिशा पाहिली आणि कडेला काडी लावली. केसर हिरवी डहाळी घेऊन बांधावर उभी राहिली, आग बाहेर जाऊ नये म्हणून.

वाटेने ठमाबाई लाकडाचा भारा घेऊन चालली होती. धूर पाहून ती थांबली.

“यंदा उशीर झाला गं तुला.”

आवडाबाईचे कपाळ उघडे होते आणि घामाने चमकत होते. तिने विस्तवाकडे पाहतच उत्तर दिले.

“व्हय. यंदा घरात मानूस होतं.”

ठमाबाईने भारा खाली ठेवला, बाजूची एक डहाळी मोडली आणि बांधाच्या दुसऱ्या कडेला जाऊन उभी राहिली. भर उन्हात जाळ दिसत नव्हता. शेतावरची हवा तेवढी थरथरत होती, आणि जमीन एका कडेने काळी होत चालली होती.